दान कुणाचे, घाम कुणाचा?
गुलामीची कमाई, वर्ध्याची मालगुजारी आणि आपण विचारायचा प्रश्न



१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्या विद्यापीठाचे नाव आपल्या प्रत्येक जयंतीच्या भाषणात येते. याच विद्यापीठाने २०१७ साली स्वतःच्या इतिहासाचा एक अहवाल प्रसिद्ध केला. एरिक फोनर या इतिहासकाराच्या मार्गदर्शनाखाली तो तयार झाला. १७५४ साली किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झालेल्या या संस्थेच्या सुरुवातीच्या अनेक अध्यक्षांनी, विश्वस्तांनी आणि देणगीदारांनी गुलाम बाळगले होते, गुलामीच्या व्यापारातून पैसा मिळवला होता, हे त्यात कागदपत्रांसह मांडले आहे. विद्यापीठाने हे लपवले नाही. विद्यार्थ्यांना तो इतिहास शिकवायला घेतला.

हे वाचून कोणी म्हणेल, मग बाबासाहेबांची पदवी डागाळली का? मुळीच नाही. पण एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या चळवळीच्या फार कामाचा आहे. ज्या पैशाने शाळा, दवाखाने, वसतिगृहे उभी राहतात तो पैसा आधी कुणाच्या घामातून आला? आणि ज्याचा घाम गेला त्याला दानाच्या वेळी कुठे बसवले? समाजकार्याच्या क्षेत्रात काम करताना हा प्रश्न रोज समोर येतो. म्हणून तो आधी जगाच्या आणि मग आपल्या वर्धा-नालवाडीच्या संदर्भात समजून घेऊ.

वारसाने आलेली गुलामी

ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन (१६६८-१७१०) हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण आहे. जन्म बार्बाडोस बेटावरचा. उसाचे मळे वडिलोपार्जित. त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे राबत होती. मरताना त्यांनी ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजला १० हजार पौंड आणि आपली पुस्तके दिली. त्यातून भव्य ग्रंथालय उभे राहिले. बार्बाडोसचे मळे त्यांनी चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेला देऊन टाकले. मळ्यांबरोबर तिथली माणसेही दानात गेली! धर्मादाय संस्था गुलामांची मालक झाली आणि त्या माणसांच्या अंगावर संस्थेच्या नावाचा डाग देण्यात आला. इंग्लंडच्या चर्चने याबद्दल माफी मागितली ती २००६ साली. ऑल सोल्स कॉलेजने कॅरिबियन विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आणि २०२० साली ग्रंथालयाला कॉड्रिंग्टन यांचे नाव वापरणे थांबवले.

त्याच वर्षी ७ जूनला ब्रिस्टल शहरात एडवर्ड कोल्स्टन यांचा पुतळा लोकांनी ओढून पाडला आणि बंदराच्या पाण्यात टाकला. हे गृहस्थ शहराचे मोठे दाते म्हणून पूजले जात. गुलामांच्या व्यापारातला त्यांचा वाटा पुतळ्याखालच्या पाटीवर नव्हता.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याची आहे. १८३३ साली ब्रिटिश संसदेने आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामी रद्द करणारा कायदा केला. त्यासाठी २ कोटी पौंड भरपाई मंजूर झाली. ती गुलामांना नव्हती, त्यांच्या मालकांना होती. राबणाऱ्याच्या हाती एक पैही पडली नाही. उलट पुढची काही वर्षे 'शिकाऊ कामगार' या नावाखाली त्याला त्याच मालकाकडे राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेले कर्ज ब्रिटिश सरकारने पूर्ण फेडले ते २०१५ साली. भरपाई घेणाऱ्या मोठ्या मालकांमध्ये जॉन ग्लॅडस्टन हे एक होते. त्यांचा मुलगा पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. २०२३ साली ग्लॅडस्टन यांच्या वंशजांनी गयाना देशात जाऊन जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी ट्रेव्हेल्यन कुटुंबाने ग्रेनाडात माफी मागून शिक्षणासाठी १ लाख पौंड दिले. रक्कम वारशाच्या मानाने लहान आहे. तरी एक गोष्ट त्यांनी मान्य केली: आजोबा-पणजोबांचे घर वारसाने घ्यायचे आणि त्या घराचा हिशेब मात्र घ्यायचा नाही, असे चालत नाही.

गुलामांचा कापूस आणि वर्ध्याची माती

आता आपल्याकडे या. अमेरिकेतील गुलामीशी वर्धा जिल्ह्याचे नाते आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकात कुणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. तो पिकवणारे आणि वेचणारे हात गुलामांचे होते. १८६१ ला तिथे यादवी युद्ध पेटले, बंदरांची नाकेबंदी झाली आणि कापूस थांबला. गिरणीमालकांची नजर वऱ्हाड, हिंगणघाट, वर्धा या काळ्या मातीकडे वळली. भाव भडकले. १८६२ ला नागपूरमधून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला. १८६६ ला पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसवायला सुरुवात झाली. १८६७ पर्यंत मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. व्यापारी आले, बाजार आले, पुढे जिनिंग-प्रेसिंग आले. युद्ध १८६५ ला संपले, अमेरिकेत गुलामी रद्द झाली आणि भाव कोसळले. तेजीत काढलेले कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले. कर्जापोटी जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या.

याच काळात इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजारी पक्की केली. भोसल्यांच्या काळात मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारा. इंग्रजांनी त्याला गावाचा मालक करून टाकले. गाव त्याच्या नावावर, पडीक त्याचे, त्याखाली कूळ, आणि सगळ्यांच्या तळाशी भूमिहीन. मालगुजाराच्या शेतावर बेगार करणे हा रिवाज झाला. पाडव्याला साल ठरवून, उचल घेऊन बांधला गेलेला सालदार वर्षभर मालकाच्या गोठ्यात राबे. उचल फिटली नाही की पुढचे साल. आणि तळाचा हा माणूस बहुतेक वेळा कोण होता, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्या कापूस वेचत होत्या. त्यांच्या नावावर सातबारा नव्हता.

याला गुलामी म्हणायचे का? जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामी रद्द केल्याबद्दल अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. आपल्याकडची अवस्था त्यांना तिथल्यासारखीच दिसत होती. बाबासाहेबांनी तर दोन्हींची तुलना करून पुढचा मुद्दा मांडला. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे मालकाला निदान तिची काळजी घ्यावी लागे. अस्पृश्याची जबाबदारी मात्र कुणावरच नव्हती. त्याला बाजारात विकत नसत, तरी मोकळेही सोडत नसत. ब्रिटिशांच्या १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. इथे १८४३ ला कायदा झाला, पण त्याने उचल, बेगार आणि जातीचे काम यांना हात लावला नाही. वेठबिगारी रद्द करणारा कायदा यायला १९७६ उजाडले.

जमनालाल बजाज: वारसा नाकारलेला आणि स्वीकारलेला

या पार्श्वभूमीवर वर्ध्याचे सर्वात मोठे दानशूर सेठ जमनालाल बजाज यांच्याकडे बघायला हवे. ते गुलामांचे व्यापारी नव्हते, त्यांचे घराणेही नव्हते. कॉड्रिंग्टनशी त्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण वारसाने आलेला पैसा आणि दान यांचे कोडे त्यांच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके आपल्या भागात दुसरीकडे दिसत नाही.

त्यांचा जन्म १८८९ चा, राजस्थानातील सीकर भागातला. लहानपणीच वर्ध्याचे सेठ बच्छराज बजाज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. बच्छराजांचा व्यवसाय कापूस आणि सावकारीचा. जमनालाल सतरा वर्षांचे असताना दागिने घालण्यावरून वाद झाला. आजोबांनी पैशाचा उल्लेख करून बोल लावले. तेव्हा या मुलाने स्टँपच्या कागदावर लिहून दिले की या संपत्तीवर माझा हक्क नाही, आणि घर सोडले. पुढे समजूत निघाली. १९०७ ला बच्छराज वारले आणि संपत्ती त्यांच्याकडे आली. ही संपत्ती आपली नाही, ती लोकांसाठी वापरायची, असे त्यांनी ठरवले. रायबहादूर ही पदवी त्यांनी १९२१ ला परत केली. झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले. वर्ध्याचा आश्रम, मगनवाडी, सेवाग्राम यांमागे त्यांचा पैसा आणि जमीन उभी होती. जुलै १९२८ मध्ये घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्यांना खुले केले. जातभाईंचा बहिष्कार सोसला. हे सगळे प्रामाणिक होते. त्यात खोट काढण्याचे कारण नाही.

आता आपला प्रश्न. हा पैसा आपला नाही, हे त्या तरुणाने ओळखले. मग तो कुणाचा होता? आजोबांचा म्हणून त्याने नाकारला, आणि पुढे समाजाचा म्हणून स्वीकारला. मधला एक माणूस या हिशेबात आलाच नाही. ज्याच्या शेतातून कापूस आला आणि ज्याच्या अंगठ्यावर व्याज चढले तो माणूस. गांधीजींचा विश्वस्ताचा सिद्धांत इथेच अडतो. श्रीमंताने स्वतःला मालक न समजता विश्वस्त समजावे, हे ऐकायला चांगले आहे. पण विश्वस्त निवडण्याचा, त्याला हिशेब विचारण्याचा आणि नको झाला तर बदलण्याचा अधिकार राबणाऱ्याला त्यात नाही. १९३६ ला गांधीजी ज्या सेगावात राहायला गेले, त्या गावाचे मालगुजार जमनालालच होते. गावात अस्पृश्यांची वस्ती मोठी. जगभरातून माणसे तिथे ग्रामस्वराज्य बघायला येत. गावाची मालकी मात्र मालगुजारीच्या कायद्याप्रमाणेच होती.

नालवाडीचे चर्मालय आणि महाडचा आदेश

नालवाडीत हा फरक आणखी जवळून दिसतो. डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा भावे नालवाडीला राहायला आले. १९३४ ला इथे ग्रामसेवा मंडळ सुरू झाले. तीसच्या दशकात चर्मालय उभे राहिले. मेलेल्या जनावरांचे कातडे शास्त्रशुद्ध पद्धतीने काढणे, कमावणे, त्याच्या वस्तू करणे, असे काम तिथे चाले. बाहेरून आलेल्या उच्चवर्णीय कार्यकर्त्यांनी ते काम स्वतःच्या हातांनी केले. इथल्याच गोपुरीत जमनालाल यांनी शेवटचे दिवस गोसेवेत घालवले. ११ फेब्रुवारी १९४२ ला त्यांचे निधन झाले. उच्चवर्णीयाने कातडे हातात घेणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, हेही मान्य करू.

पण याच काळात बाबासाहेब काय सांगत होते? १९२७ ला महाडमध्ये त्यांनी मेलेली गुरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडा असे सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणातही ते या विषयावर सविस्तर बोलले. गुरे ओढण्यातून मिळणारा पैसा बुडेल म्हणून हळहळणाऱ्यांना त्यांनी तिथे उत्तर दिले. एक विचार म्हणत होता, हे काम पवित्र आहे, ते नीट करा. दुसरा म्हणत होता, हे काम जन्माने गळ्यात बांधले आहे, ते आधी तोडा. पहिल्यात कामाला प्रतिष्ठा होती. दुसऱ्यात काम नाकारण्याचा अधिकार होता. गुलाम आणि मोकळा माणूस यांच्यातला फरक नेमका एवढाच असतो: मोकळ्या माणसाला नाही म्हणता येते.

हरिजन सेवक संघाच्या बाबतीतही हेच झाले. १९३२ ला संघ स्थापन झाला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा सचिव. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये बोटीवरून ठक्करांना लांब पत्र लिहिले. संघाने नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढावी, कामधंद्यात समान संधी मिळवून द्यावी, आणि कामासाठी अस्पृश्य समाजातलेच कार्यकर्ते घ्यावेत, असे त्यात सुचवले. त्या पत्राला उत्तर आले नाही. संघ उद्योगपतींच्या देणग्यांवर चालला आणि सेवेपुरता राहिला. ज्यांची सेवा करायची ते कारभारात नव्हते.

भरपाई कुणाला मिळाली?

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा. १८३३ ला ब्रिटिशांनी गुलामी रद्द केली आणि भरपाई मालकांना दिली. १९५१ ला आपल्याकडे मालगुजारी रद्द झाली. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क संपले. कायदा चांगला होता आणि आवश्यक होता. पण मोबदला मालगुजाराला मिळाला आणि घरच्या कसणुकीची जमीन त्याच्याकडेच राहिली. पिढ्यानपिढ्या राबलेल्या सालदाराचे नाव मोबदल्याच्या यादीत नव्हते. देश वेगळा, शतक वेगळे, हिशेब तोच.

आपल्या चळवळीने मात्र वेगळा हिशेब मांडला. १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. १९३७ ला खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. त्यात कुणी दान मागितले नव्हते. कसणाऱ्याच्या नावावर जमीन मागितली होती.

धम्म काय सांगतो?

दान ही धम्मात मोठी पारमिता आहे. अनाथपिंडिकाचे दान आपण आदराने सांगतो. पण तथागतांनी दानाआधी उपजीविकेचा प्रश्न ठेवला. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. अंगुत्तर निकायात उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातल्या प्राण्यांच्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्रीही येते, असा अर्थ परंपरेने लावला आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: ताकदीप्रमाणे काम द्या, अन्न आणि वेतन द्या, आजारपणात काळजी घ्या, वेळेवर सुट्टी द्या. म्हणजे दान देण्याआधी राबणाऱ्याचे देणे फेडा, हा क्रम आहे. आपण पुष्कळदा दान बघतो आणि क्रम विसरतो.

आज आपण काय करायचे?

काही मित्र म्हणतात, मग श्रीमंतांचा पैसा घ्यायचाच नाही का? बाबासाहेबांचे उदाहरण बघा. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती त्यांनी घेतली. १९२० ला शाहू महाराजांची मदत 'मूकनायक'साठी घेतली. मदत घेतली, पण तोंड बंद करून घेतले नाही. मिंधेपणा न स्वीकारता मदत घेता येते. त्यासाठी काही प्रश्न आधी विचारायची सवय हवी.

आज हा प्रश्न सीएसआरच्या रूपाने आपल्या वस्तीत आला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. म्हणजे हे दान नाही, कायद्याने ठरलेले देणे आहे. तरी उद्घाटनाला हार, फीत आणि आभाराचे भाषण असतेच. अशा वेळी आपल्या मंडळाने, वसतिगृहाने, अभ्यासिकेने तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, ही कंपनी स्वतःच्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी देते का? तिथे पैसा कापून इथे संगणक देत असेल तर आपण कुणाच्या घामावर अभ्यासिका चालवतो?

दुसरी, निर्णय कोण घेणार? वस्तीतली माणसे, विशेषतः बाया, समितीत असतील का, की फक्त फोटोत?

तिसरी, या मदतीमुळे एखादा हक्क मागे पडतो का? सरकारी शाळेला शिक्षक मिळणे हा हक्क आहे. त्याच्या जागी दोन महिन्यांचे शिकवणी वर्ग मिळत असतील तर वर्गही घ्या, पण शिक्षकाचा अर्ज मागे घेऊ नका.

आणि एक काम आपले आपणच करायचे आहे. मालगुजारीच्या काळातील बंदोबस्ताचे कागद, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रके तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. गाव कुणाच्या नावावर होते, पडीक आणि गायरान कुठे होते, आज ते कुणाकडे आहे, हे त्यातून कळते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, साल कुणाकडे होते, उचल किती होती, कापूस वेचायला काय मिळायचे. मोबाईलवर त्यांचा आवाज नोंदवून ठेवा. ही माणसे आता थोडीच राहिली आहेत.

कोलंबिया विद्यापीठाने आपला इतिहास उघडला तो उगाच नव्हे. विद्यार्थ्यांनी विचारले, अभ्यासकांनी कागद शोधले, म्हणून उघडला. वर्ध्यात सेवाग्राम बघायला देशभरातून माणसे येतात आणि जमनालाल बजाजांचे दान ऐकून जातात. ते ऐकायलाच हवे. त्याच्या शेजारी सालदाराचे नाव, त्याचे गाव आणि त्याची उचल लिहिलेला एक कागदही असायला हवा. तो कागद दुसरे कुणी आणून देणार नाही. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक विहारातील चार-पाच तरुणांनी आपल्या एका गावापासून सुरुवात केली, तरी पुष्कळ होईल.

जयभीम. नमो बुद्धाय.